मोटारीचें पातळ मिश्रण
[आकाशवाणीवरील भाषण]

नाडी आणि जीभ पाहून वैद्याला रोग कळतो. मोटारीच्या मिस्त्रीला तो कशावरून कळत असेल, असा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. आज मी एकाच दुखण्यापुरतें बोलणार आहें. तें म्हणजे पातळ मिश्रण. गराजांतील मंडळी त्यास 'लीन' म्हणतात.

पेट्रोल जळावयास हवा लागते. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा पुरते. हवा याहून जास्त झाली किंवा पेट्रोल कमी पडलें, म्हणजे मिश्रण पातळ झालें. मग थंड इंजिन लवकर सुरू होत नाहीं, उभ्या गाडींत तें थरथरतें, आणि ॲक्सिलरेटर दाबतांच क्षणभर अडखळतें. अशी गाडी भरल्या ओझ्यानें चढावर फार वेळ हांकली, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळण्याची भीति असते.

कार्बोरेटरच्या काळांत मिस्त्री प्रथम स्पार्क प्लग काढून पाहत. त्याच्या टोंकाची चिनी माती फिकट तपकिरी दिसली तर ठीक. काजळीनें काळी झाली तर पेट्रोल अधिक. खडूसारखी पांढरी पडली तर मिश्रण पातळ असल्याचा संशय. नंतर ते चालत्या इंजिनाचा चोक थोडा ओढीत. चोकमुळें हवा कमी होते. तेवढ्यानें इंजिन सुधारलें, कीं संशय पक्का होई.

नव्या मोटारींतून आतां कार्बोरेटर गेला आहे. धूर जाणाऱ्या नळींतील प्राणवायु जोखणारा सेन्सर १९७६ सालीं स्वीडनच्या व्होल्व्हो मोटारींत प्रथम आला. आज तो घरोघरच्या पेट्रोल मोटारींत असतो. प्राणवायु उरलेला दिसला, कीं गाडींतील संगणक पेट्रोल वाढवितो. ही वाढ मर्यादेपलीकडे गेली म्हणजे समोरचा दिवा लागतो, आणि मिस्त्रीच्या यंत्रावर बहुधा 'पी ०१७१' हा संकेत उमटतो.

खरी चूक येथेंच होते. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडींत हा दिवा लागला, तेव्हां एका गराजांत सेन्सरच बदलण्यांत आला. आठ दिवसांत दिवा पुन्हां हजर! परीक्षेंत मुलगा नापास झाला म्हणून गुणपत्रिका बदलावी, तसाच हा प्रकार.

दुसऱ्या, वयस्क मिस्त्रींनीं घाई केली नाहीं. गाडी उभी ठेवून इंजिन मंद चालविलें. संगणक पुष्कळ पेट्रोल वाढवीत होता. गति मिनिटास अडीच हजार फेऱ्यांवर नेतांच ती वाढ जवळजवळ नाहींशी झाली. याचा अर्थ, कोठें तरी हवेची चोरवाट आहे. मंद इंजिन मुळांत थोडीच हवा ओढतें, म्हणून तींत चोरट्या हवेचा वांटा मोठा असतो. गति वाढली कीं तो नगण्य होतो. उलट, भाराबरोबर वाढ चढत गेली असती, तर पेट्रोलचा पंप आणि फिल्टर यांच्याकडे वळून दाब मोजावा लागला असता.

मग त्यांनीं कान दिला. बारीकशी फुसफुस ऐकूं येत होती. एक रबरी नळी चिमट्यानें दाबतांच इंजिन शांत चालूं लागलें. नळीला चीर पडली होती. ती बदलली आणि काम झालें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सेन्सरला पेट्रोल दिसत नाहीं, केवळ प्राणवायु दिसतो. एखादा प्लग पेटला नाहीं, तरी त्या सिलिंडरमधील प्राणवायु न जळतां बाहेर येतो आणि मिश्रण पातळ असल्याचा भास होतो. म्हणून दिवा हा तक्रार सांगतो, कारण सांगत नाहीं.

तेव्हां एखादा भाग बदलण्याचा सल्ला मिळाला, तर पैसे मोजण्यापूर्वीं नम्रपणें एवढेंच विचारावें: "हवा जास्त कीं पेट्रोल कमी, हें आपण कशावरून ठरविलें?" जाणत्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाहीं, उलट तो आपणांस बॉनेटजवळ बोलावून कारण दाखवितो.