नवऱ्याची केस आणि माझा फॉर्म

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझ्या निवडीचं पत्र आलं. नोकरी केंद्र सरकारची, संरक्षण खात्याशी संबंधित एका कार्यालयात, पद साधं लिपिकाचं. त्यासाठी तीन वर्षं अभ्यास केला होता. बाबांनी गल्लीत कुंदा वाटला. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. रात्री जेवणं झाल्यावर मी पत्रासोबतचा अटेस्टेशन फॉर्म वाचायला घेतला. नवरा शेजारी बसला होता. दोन पानं होईपर्यंत गप्प होता, मग हळूच म्हणाला, "माझ्या केसचं काय करायचं गं?"

ती केस मला ठाऊक होती. लग्न ठरायच्या आधीच त्यानं सांगितली होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत गेला होता. घोषणा झाल्या, ढकलाढकली झाली आणि बऱ्याच जणांवर बेकायदा जमावाचं कलम लागलं. पुढं चार वर्षं कोर्टाच्या तारखा. शेवटी कुणीतरी सांगितलं, गुन्हा कबूल करा, दंड भरा, मिटवून टाका. यानं तसंच केलं. बेळगावात राहणाऱ्यांना असल्या गोष्टीचं फारसं नवल वाटणार नाही.

पण माझ्या माहेरी हे कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगावंच लागलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे लग्नाआधी का सांगितलं नाहीस?" त्यांचं चुकत नव्हतं, माझ्याकडं उत्तर नव्हतं.

संध्याकाळी बाबांचे एक मित्र आले. स्वतः सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी मार्ग काढला. लग्नाची नोंदणी अजून झालेली नाही, आधार कार्डावर माहेरचंच नाव आहे, मग फॉर्मवर 'अविवाहित' लिहायचं. एकदा रुजू झालं की पुढचं पुढं बघता येईल. आईला पटलं. वाईट याचं वाटलं की नवऱ्यालाही पटलं. "लिही की तसं," तो म्हणाला, "माझ्यामुळं तुझी नोकरी जायला नको."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चार महिन्यांपूर्वी चारशे माणसांसमोर लग्न झालं होतं आणि आता सरकारी कागदावर ते झालंच नाही म्हणायचं?

सकाळी आतेबहिणीला फोन लावला. ती धारवाडला वकिली करते. तिनं पहिला प्रश्न विचारला, "फॉर्ममध्ये नेमकं काय विचारलंय, वाचलंस का?" मी घाबरून नीट वाचलाच नव्हता. फोन चालू ठेवून एकेक ओळ वाचली. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर खटला चालला आहे का? तुम्हाला दंड किंवा शिक्षा झाली आहे का? कुठल्या परीक्षेला बसायला बंदी झाली आहे का? एखादी केस अजून चालू आहे का? सगळीकडं 'तुम्ही'. नवऱ्याबद्दल विचारलं होतं ते नाव, राष्ट्रीयत्व, जन्मठिकाण, व्यवसाय आणि पत्ता. त्याच्या केसचा रकानाच नव्हता. आणि सगळ्यात वर इशारा होता: खोटी माहिती दिली किंवा खरी लपवली तर उमेदवार अपात्र ठरू शकतो.

"बघ," ताई म्हणाली, "त्याची केस तुझी होत नाही. पण 'अविवाहित' लिहिलंस की ते खोटं मात्र तुझं."

मग तिनं सर्वोच्च न्यायालयाचा 2016 सालचा अवतार सिंग खटल्याचा निकाल समजावला. तो उमेदवाराच्या स्वतःच्या केसबद्दल आहे, पण नोकरीचा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावा असा आहे. न्यायालयानं म्हटलं, दिलेली माहिती खरी हवी. मात्र फॉर्ममधला प्रश्नही नेमका हवा; जे स्पष्टपणे विचारलेलंच नाही, ते लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या किरकोळ प्रकरणात शिक्षा झाली असेल आणि ती सांगायची राहिली असेल, तर खातं आपल्या अधिकारात ती चूक माफ करू शकतं. पण उलटही आहे. सगळं खरं सांगितलं म्हणून नोकरी दिलीच पाहिजे, अशी सक्ती खात्यावर नाही. ते पूर्वचारित्र्य तपासून ठरवू शकतं.

"म्हणजे खात्री नाहीच," मी म्हटलं.

"नाहीच. पण खोटं लिहिलंस तर रोज पोस्टमन आला की छातीत धडधडेल. आणि हे ज्याला कळेल तो उद्या तुझ्याकडून काहीही करून घेईल. चौकशी त्यासाठीच तर असते."

हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. मला वाटायचं, घराण्याला डाग आहे का एवढंच पोलीस बघतात. खरं म्हणजे संवेदनशील जागेवरच्या माणसाला कुणी दाबात घेऊ शकेल का, हाही प्रश्न असतो. जोडीदाराचा गुन्हा चालू असेल, घरात तसल्या लोकांची ऊठबस असेल, तर काळजीचं कारण आहे. कोर्टात संपलेली, सगळ्यांना माहीत असलेली जुनी केस दाखवून कोण कुणाला धमकावणार? पद जितकं नाजूक, तितकी घरच्यांची चौकशी खोल जाते, हेही ताईनं सांगून ठेवलं.

मी 'विवाहित' लिहिलं. नवऱ्याचं नाव, जन्मठिकाण, सगळं. त्याच आठवड्यात आम्ही लग्नाची नोंदणी केली. नवरा कोर्टात जाऊन निकालाची प्रमाणित नक्कल घेऊन आला. कन्नडमधला तो कागद सासऱ्यांनी आम्हाला वाचून दाखवला. तेव्हा त्याला पहिल्यांदाच कळलं की कबुली देऊन दंड भरणं म्हणजे 'मिटवणं' नव्हे, ती दोषसिद्धी असते. उद्या त्यानं स्वतः सरकारी नोकरीचा फॉर्म भरला, तर 'दंड झाला आहे का' याचं उत्तर 'होय' असंच लिहावं लागेल. तारखांना कंटाळून कबुली देण्याआधी हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये चौकशीला पोलीस आले. शेजारच्या दोन घरांत विचारपूस केली, मग आमच्याकडं बसले. चहा घेता घेता विचारलं, घरात कुणावर केस आहे का? मी काही बोलायच्या आत नवऱ्यानंच नक्कल पुढं ठेवली. त्यांनी ती वाचली, नंबर आणि तारीख टिपून घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्यानंतर पाच महिने काहीच कळलं नाही. त्या काळात नवरा माझ्यापेक्षा जास्त खंगला. रोज संध्याकाळी "काही आलं?" एवढंच विचारायचा. मीही एकदा चिडून त्याला नको ते बोलले, ते आजही खटकतं. जानेवारीत नेमणुकीचं पत्र आलं. केसचा त्यात उल्लेखही नव्हता.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात आता स्पर्धा परीक्षा देणारी बरीच मुलं-मुली भेटतात. त्यांना मी दोनच गोष्टी सांगते. आपल्यावर किंवा घरात कुणावर कधी केस झाली असेल, तर शेवटच्या निकालाची प्रमाणित नक्कल आजच काढून ठेवा. ऐनवेळी जुने कागद शोधायला फार दिवस जातात. आणि फॉर्म ऐकीव सल्ल्यावर भरू नका, प्रत्येक प्रश्न शब्द न् शब्द वाचा. शंका आली तर वकिलाला विचारा. फॉर्म दिल्यानंतर स्वतःच्या बाबतीत काही घडलं, तर तेही ताबडतोब कळवायचं असतं.

बाबांना पत्र दाखवायला आम्ही दोघं मिळून गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग जावयाला म्हणाले, "त्या फेरीला मीही जायचो. पळालो म्हणून सापडलो नाही." आईनं त्यांच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत हे तिलाही कधी सांगितलं नव्हतं.