संगणकाचें दार सर्वांस मोकळें असावें

औंढा नागनाथाच्या देवळाची आख्यायिका आपल्या जिल्ह्यांत सर्वश्रुत आहे. नामदेवांस कीर्तनासाठीं देवळाच्या मागें जावयास लाविलें, तेव्हां देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झालें, असें सांगतात. ती कथा आम्ही येथें एका विचारासाठीं स्मरतों: ज्यास दारापर्यंत पोंचतां येत नाहीं, त्यास दोष न देतां दारानेंच त्याच्याकडे वळावें.

आज परीक्षेचा निकाल, शेताचा सातबारा, बँकेचें खातें, दिव्यांगत्वाचा दाखला हीं सर्व कामें संकेतस्थळांवर होतात. ज्यास दिसत नाहीं, त्यानें तीं कशीं करावीं? त्यासाठीं पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचणारें ‘स्क्रीन रीडर’ हें सॉफ्टवेअर असतें. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानें २००६ सालीं ‘एनव्हीडीए’ नांवाचें असें सॉफ्टवेअर रचण्यास आरंभ केला. तें विनामूल्य मिळतें व मराठीहि वाचतें.

परंतु असें सॉफ्टवेअर वाचतें तीं अक्षरें. सूचनेच्या कागदाचें नुसतें छायाचित्र चढविलें, तर तें बहुधा मुकें होतें. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर डोळ्यांस मराठी दिसतो, यंत्रास मात्र तो रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ वाटतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्यें लिहावा व प्रत्येक चित्रास शब्दांत वर्णन जोडावें. ज्यांस ऐकूं येत नाहीं, त्यांच्यासाठीं चित्रफितीखालीं संवाद द्यावे. ज्याचा हात माउसवर स्थिर राहत नाहीं, त्यास केवळ कळफलकानें सर्व कामें करतां यावीं.

हे नियम नवे नाहींत. १ मे १९९९ रोजीं परभणींतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर चारच दिवसांनीं वेबचीं मानकें ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें अशा नियमांची पहिली संहिता प्रसिद्ध केली. आपल्या देशांत ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या बाबतींत महत्त्वाचा निकाल दिला. ॲसिडहल्ल्यांतून वांचलेल्या प्रज्ञा प्रसून यांस बँकेचें खातें उघडतांना, आपण जिवंत आहों हें दाखविण्यासाठीं, कॅमेऱ्यापुढें पापण्या मिटण्यास सांगण्यांत आलें. तें त्यांस शक्यच नव्हतें. त्यांच्या व दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर न्यायालयानें ठरविलें कीं, संगणकीय सेवा वापरतां येणें हा संविधानाच्या २१ व्या कलमांतील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

कोणी म्हणेल, शेजारचा मुलगा अर्ज भरून देईल. देईल खरा, पण मग त्यास पासवर्ड सांगावा लागेल, खात्यांतील शिल्लकहि दाखवावी लागेल. आपलें गुपित आपल्यापाशीं ठेवतां येणें यांत माणसाचा मान आहे, आणि शेजाऱ्याच्या उपकारानें तो भरून निघत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, वर्गाच्या गटावर यापुढें सूचनेचें छायाचित्र पाठवाल, तेव्हां तीच सूचना खालीं अक्षरांत लिहा. पालकांनींहि आपल्या ग्रामपंचायतीकडे व पतपेढीकडे हाच आग्रह धरावा. दोन मिनिटांच्या या श्रमानें एकाद्या घरीं कोणी तरी ती सूचना प्रथमच स्वतः वाचील.