श्वासनळ्यांची परीक्षा

मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की धाप सर्वांनाच लागते. थोडा वेळ बसलात की श्वास पूर्ववत होतो. पण वर्गातला एखादा मुलगा धावून थांबल्यावरच अधिक बेजार होतो. तो खोकू लागतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. बाकीची मुले म्हणतात, "सोंग करतो झालं!" परंतु ते सोंग नसून दमा असू शकतो. मग शाळेतल्या सर्व मुलांची एकदाच परीक्षा घेऊन अशी मुले आधीच हुडकून काढता येतील का?

प्रथम दमा म्हणजे काय ते पाहू. आपल्या श्वासनळ्यांभोवती स्नायूंचे वेढे असतात. दमा असलेल्याच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात व फार हळव्या असतात. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी किंवा पळापळ एवढे निमित्त झाले, की स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि वाट अरुंद होते. नळीचा व्यास निम्मा झाला, तर संथ वाहणारी तेवढीच हवा पुढे ढकलायला सोळापट जोर लागतो! धाप लागते ती यामुळेच.

हा हळवेपणा मोजता येतो. मुलाला खोल श्वास घेऊन तो जोराने यंत्रात सोडायला सांगतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, ते यंत्र दाखवते. नंतर हिस्टॅमिन नावाच्या द्रव्याचा अगदी सौम्य फवारा हुंगायला देऊन पुन्हा मोजतात. मात्रा पायरीपायरीने वाढवतात. हवेचे प्रमाण २० टक्क्यांनी घटले, की परीक्षा थांबवून नळ्या मोकळ्या करणारे औषध देतात. थोड्या मात्रेतच घट झाली, तर नळ्या हळव्या समजायच्या. ही परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची असते, बरे का!

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांची अशी परीक्षा घेण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले, आणि ते चकित करणारे होते. ज्यांच्या नळ्या हळव्या निघाल्या, त्यांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना दम्याचा कोणताच त्रास त्या काळात नव्हता. उलट, डॉक्टरांनी ज्यांना दमा असल्याचे सांगितले होते, त्यांतील जवळजवळ निम्मी मुले या परीक्षेत निर्दोष ठरली!

असे का व्हावे? दमा रोज सारखा नसतो. सर्दीनंतर नळ्यांचा हळवेपणा वाढतो, नियमित औषधाने तो कमी होतो. शिवाय हळव्या नळ्या असूनही काहींना त्रास होत नाही. म्हणजे हळवेपणा ही दम्याची एक खूण आहे. हळवेपणा म्हणजेच दमा नव्हे. केवळ या एका परीक्षेवर विसंबले, तर निरोगी मुलाला उगाच रोगी ठरवू आणि खऱ्या रुग्णाला औषधावाचून परत पाठवू.

म्हणून डॉक्टर यंत्राच्या आकड्याइतकेच महत्त्व प्रश्नांना देतात. रात्री खोकल्याने जाग येते का? धावल्यावर छाती भरते का? घरात आणखी कोणाला दमा आहे का?

यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कधी कधी तुमच्यापाशीच असतात. पुढच्या वेळी एखादा मित्र धावता धावता खाली बसला, तर त्याला हसू नका. त्याच्या छातीचा आवाज ऐका आणि गुरुजींना सांगा. योग्य औषध मिळाले, तर तोही तुमच्याबरोबर पळू लागेल.