मिठागरातलं मीठ आणि गळ्यातली ग्रंथी

भाईंदरच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकलं. समुद्राचं मीठ म्हणजे त्यात आयोडीन आलंच, असा आपला समज. पण आगरात पाणी आटून खडे जमतात तेव्हा आयोडीन नावापुरतंच त्यात उतरतं. म्हणून ते मागाहून मिसळावं लागतं, पोटॅशियम आयोडेटच्या रूपात.

इतकी यातायात गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीसाठी. तिच्या थायरॉक्सिन या संप्रेरकाच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीरानं ऊर्जा किती वेगानं खर्चायची हे ते ठरवतं. गर्भातल्या बाळाचा मेंदूही त्यावरच घडतो. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं जेमतेम १५० मायक्रोग्रॅम आयोडीन.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची नजर असते. रक्तात थायरॉक्सिन घटलं की ती थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच हे संप्रेरक वाढवते, पुरेसं झालं की हात आखडता घेते. म्हणून रिपोर्टात टीएसएच चढलेलं पाहून ‘थायरॉइड वाढलाय’ म्हणतात, तेव्हा बहुधा तो मंदावलेला असतो!

आयोडीनच नसेल तर टीएसएचचा तगादा थांबत नाही आणि ग्रंथी फुगते. हाच गलगंड. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन तो घटवून दाखवला. १९६२मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

शहरांत आज थायरॉइड मंदावण्यामागे अनेकदा वेगळंच कारण असतं: आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते. तिथे जास्त मीठ खाऊन काही साधत नाही, रक्तदाब तेवढा वाढतो.