जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलावा काय?

घणसोली गावात, दोन घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या एका गल्लीत, आमच्या युनियनची खोली आहे. तेथे माणसे बहुधा पगारपत्रक किंवा भविष्यनिर्वाह निधीचा कागद घेऊन येतात. परंतु एका दिवाळीनंतर एक कंत्राटी सफाई कामगार कापडी पिशवीतून लॅपटॉप घेऊन आला. यंत्र २०१२ सालचे, विकत घेतानाच स्वस्तातले. मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. यंत्र उघडून पाटी दिसेपर्यंत तिचा चहा करून होतो, अशी तक्रार. बोनसची रक्कम खिशात होती आणि कोणी तरी कानात मंत्र घातला होता. तो म्हणाला, "दादा, यात आय सेव्हन बसेल का? पोरीचं काम झटकन होईल म्हणतात."

या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देणारा मनुष्य एक तर फार जाणता असला पाहिजे किंवा त्याला काही तरी विकायचे असले पाहिजे. आम्ही त्या कामगाराला बसवून घेतले आणि जे सांगितले, तेच येथे जरा विस्ताराने मांडतो.

प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू, असे पुस्तकांत लिहिलेले असते. हा शब्द आम्हांला पटत नाही. प्रोसेसर हुकूम देत नाही, आलेला हुकूम बजावतो. तेव्हा तो कामगार आहे. त्याच्या कामाची लय ठोक्यांवर चालते. त्या मुलीच्या यंत्रातला प्रोसेसर पेंटियम बी ९६०. त्याचा वेग २.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २२० कोटी ठोके. त्यात दोन कोअर आहेत, म्हणजे दोन कामगार शेजारी शेजारी उभे आहेत. त्याच घराण्यातल्या आय ५-२५२०एम या प्रोसेसरातही कोअर दोनच. पण प्रत्येक कोअर दोन धागे सांभाळतो. मुंबईच्या १९२८ च्या गिरणी संपात एका विणकराने जादा माग सांभाळावे की नाही, हा मोठ्या वादाचा मुद्दा होता. येथेही हिशेब तोच आहे. एका कामगारावर दोन माग घातले म्हणून कापड दुप्पट निघत नाही. एका मागाचा धागा तुटून तो थांबला असता कामगाराचा जो वेळ रिकामा जाई, तेवढा मात्र भरून निघतो. शिवाय या आय फाइव्हला गरजेप्रमाणे ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढता येते, जवळचा साठा (ज्याला कॅश म्हणतात) दोनऐवजी तीन मेगाबाइट आहे, आणि गुप्तलेखनाचे जे काम आजकाल प्रत्येक संकेतस्थळावर चालते, त्यासाठी त्यात वेगळी सोय आहे. पेंटियमला ती दिलेली नाही. म्हणजे फरक आहे, आणि तो खरा आहे.

पण तो फरक त्या मुलीला दिसेल काय? येथे थोडे गणित करावे लागते. तिच्या यंत्रात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क होती, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. सेकंदाला ९० फेऱ्या. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, म्हणजे सेकंदाचा १८० वा भाग. टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण सेकंदाला २२० कोटी ठोके मोजणाऱ्या प्रोसेसरचे तेवढ्यात सव्वा कोटीच्या आसपास ठोके फुकट जातात. यंत्र सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. आता त्या जागी अधिक वेगवान प्रोसेसर बसवला तर काय होईल? तो अधिक वेगाने वाट पाहील! गोदामाचा दरवाजा एकच आणि तो कुरकुरत उघडणारा. अशा वेळी आत चलाख कामगार भरती करून माल लवकर बाहेर येत नाही. कारखान्यात मालक लोकांनी हा हिशेब चुकवलेला आम्ही पुष्कळदा पाहिला आहे, आणि बोल मात्र कामगाराला लागलेला.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे थांबते कोण ते पाहावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू ठेवून तेथे पाच मिनिटे नजर ठेवावी. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना टेकलेला आणि सीपीयूचा वीस-तीसवर रेंगाळत असेल, तर दोष प्रोसेसरचा नव्हे. मेमरी नव्वदीच्या पुढे असेल, तर यंत्र उरलेला पसारा डिस्कवर ठेवते आहे आणि परत तोच कुरकुरणारा दरवाजा आहे. सीपीयू सतत शंभरावर असेल, तरच पुढचा विचार. मुलीच्या यंत्रात डिस्क शंभर, मेमरी दोनच जीबी आणि तीही भरलेली. आम्ही बोनसमधून आधी एसएसडी आणि मेमरी घ्यायला लावली. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. म्हणून ती अर्धी फेरी उरतच नाही.

तरीही प्रोसेसर बदलायचाच असेल तर? आमचा स्वतःचा फजितीचा अनुभव येथे सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या खोलीतल्या यंत्रासाठी आम्ही लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. यंत्रातली बैठक ९८८ पायांची, एवढे आम्ही पाठ करून गेलो होतो. एका दुकानात आय ५-५२०एम मिळाला. पाया ९८८, नाव आय फाइव्ह. दुकानदार म्हणाला बसेल, आम्ही मान डोलावली. घरी आल्यावर तो बैठकीत उतरेना. तो होता २०१० सालचा, पहिल्या पिढीचा. आमची बैठक २०११ नंतरच्या पिढ्यांची. पायांची संख्या तीच, मांडणी निराळी. एकाच हुद्द्याची दोन माणसे दोन खात्यांत असतात आणि एकाचे कार्ड दुसऱ्याच्या गेटवर चालत नाही, हे ज्याने तीस वर्षे पाहिले, त्याला हे सुचू नये याची आम्हांला आजही लाज वाटते.

बैठक पाहण्यासाठी सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात 'पॅकेज' या ओळीत पीजीए असेल तर प्रोसेसर पायांचा, काढता येणारा. बीजीए असेल तर तो पाटीवर झाळलेला, आणि घरगुती माणसाने तेथेच विषय संपवावा. ज्यांच्या नावाच्या शेवटी यू हे अक्षर येते, ते इंटेलचे प्रोसेसर झाळलेलेच असतात. २०१३ च्या चौथ्या पिढीनंतर तर इंटेलने लॅपटॉपसाठी काढता येणारे प्रोसेसर देणेच सोडले. म्हणजे नव्या यंत्रांत हा प्रश्नच उद्भवत नाही. तो जुन्यांचाच आहे.

बैठक जुळली तरी चिपसेट पाहावा लागतो. इंटेलचा एचएम ७० हा चिपसेट स्वस्त यंत्रांसाठी होता आणि त्यावर सेलेरॉन किंवा पेंटियमच चालावेत, अशी कंपनीची योजना होती. त्यावर त्याच बैठकीचा आय फाइव्ह बसवला तर यंत्र सुरू होते, उत्तम चालते आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद पडते. बिघाड काही नसतो. गेटपासच अर्ध्या तासाचा दिलेला असतो. पंखा साफ करून, लेप बदलून याला उपाय होत नाही. मुलीच्या यंत्रात एचएम ६५ होता, त्यावर असे बंधन नाही. मात्र एचएम ६५ वर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर घालायचा तर बायोसची संमती लागते, आणि यंत्राच्या कंपनीने ती दिलेली नसेल तर पडद्यावर काळोख. म्हणून त्याच पिढीतला घ्यावा, आणि शक्य तर त्याच मॉडेलच्या महागड्या भावंडात कंपनीने स्वतः बसवलेला घ्यावा.

राहता राहिला आय सेव्हन. नावाला भुलू नये. आय ७-२६२०एम मध्येही कोअर दोनच आहेत. चार कोअरचा हवा तर आय ७-२६३०क्यूएम. पण त्याची उष्णता ४५ वॉटची धरलेली आहे आणि पेंटियमची ३५. स्वस्त यंत्राची तांब्याची नळी आणि पंखा ३५ च्या हिशेबाने घातलेला असतो. तापला की प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो, म्हणजे दाम चौघांचे आणि काम तिघांचे. आमच्या मते अशा यंत्राला ३५ वॉटचा आय फाइव्हच शोभतो.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी, म्हणजे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. दुसऱ्या पिढीच्या बैठकीत आठवी पिढी कोणत्याही उपायाने बसत नाही. टंकलेखन, वाचन, पत्रव्यवहार यांना लिनक्स पुरे. मिंट आहे, सी-डॅकची बॉस आहे. पण मुलीला टॅली शिकायची होती आणि टॅलीला विंडोज लागते. म्हणून तिच्या यंत्रात दोन्ही घातले. टॅलीपुरते विंडोज, तेही इंटरनेटची तार न जोडता, आणि बाकी सगळे लिनक्सवर. ही तडजोड आहे, आदर्श नव्हे.

चार महिन्यांनी, हाती थोडे पैसे आल्यावर, तिने जुना आय ५-२५२०एम आणला आणि तो आमच्याच टेबलावर बसवला. बॅटरी आधी काढली. हातांनी लोखंडी कपाटाला स्पर्श केला, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून. बैठकीचा स्क्रू चपट्या पेचकसाने अर्धा फेरा फिरवला की पकड सुटते; कोपऱ्यातली त्रिकोणी खूण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, कारण वाकलेला पाय सरळ होतो तो क्वचितच. जुना वाळलेला लेप पुसून नवा ज्वारीच्या दाण्याएवढा लावला. यंत्र सुरू होण्याचा वेळ एसएसडीने आधीच कमी केला होता, त्यात फारसा फरक पडला नाही. मात्र एका वेळी दहा पाने उघडली की पूर्वी जी कुंथणारी अवस्था होई, ती गेली. काढलेला पेंटियम तिने काड्यापेटीत कापूस घालून ठेवला आहे. आमचा तो न बसलेला आय फाइव्ह अजून टेबलाच्या खणातच आहे.