पोर्ट फॉरवर्डर : दोन दिशा आणि दोन शेवट

मागच्या व्याख्यानात आपण सॉकेट म्हणजे काय ते पाहिलं. आज त्यावर एक छोटा, पण खरोखर चालणारा प्रोग्राम लिहू. आपल्या मशीनच्या ८०८० पोर्टवर जे येईल ते दुसऱ्या मशीनच्या ८० पोर्टवर पोचवायचं आणि तिकडचं उत्तर इकडे आणायचं. मधला निरोप्या, बस्स.

भाषा गो घेऊ. ८०८० वर लिसन, मग लूपमध्ये ॲक्सेप्ट, आणि आलेल्या प्रत्येक कनेक्शनसाठी पलीकडे डायल. बाइट वाहून नेण्याचं काम आयओ पॅकेजमधलं कॉपी हे फंक्शन करतं. पण कॉपी एकाच दिशेनं चालतं आणि पाठवणारा ‘संपलं’ म्हणेपर्यंत परतत नाही. समजा, आपण दोन कॉपी एकाखाली एक लिहिल्या. ब्राउझर उत्तराची वाट पाहतोय म्हणून कनेक्शन बंद करत नाही. तो बंद करेपर्यंत आपण उत्तर आणायला जात नाही. शुद्ध ‘पहले आप’!

म्हणून दोन्ही कॉपी वेगवेगळ्या गोरूटीनमध्ये. टोनी होअर यांनी १९७८ च्या निबंधात मांडलेला विचार गोच्या मुळाशी आहे : स्वतंत्र क्रिया आणि त्यांच्यातला संवाद. गोरूटीन स्वस्तही असतं, सुरुवातीला साधारण २ किलोबाइटचा स्टॅक. हजार कनेक्शन आली तरी घाबरायला नको.

खरी मेख शेवटात आहे. एक कॉपी संपली की दोन्ही कनेक्शन बंद, असं बरेच जण लिहितात. आता असा सर्व्हर घ्या, जो नावांची यादी घेऊन ती अकारविल्हे लावून परत देतो. यादी पूर्ण आल्याशिवाय तो पहिलं नावही देऊ शकत नाही. क्लायंट यादी पाठवतो, आपली लिहिण्याची बाजू मिटवतो आणि ऐकत बसतो. टीसीपीत हे अगदी रीतसर आहे : ‘माझं बोलून झालं’ म्हणजे ‘मी ऐकणार नाही’ असं नव्हे. त्या क्षणी आपण सगळंच बंद केलं तर उत्तर वाटेतच गेलं. उलट काहीच केलं नाही, तर यादी संपल्याचं सर्व्हरला कळतच नाही आणि तो ताटकळत राहतो.

तेव्हा एक दिशा संपली की पलीकडच्या कनेक्शनवर फक्त क्लोजराइट करायचं, म्हणजे ‘संपलं’ हा निरोपही पोचवायचा. वेटग्रुप लावून दोन्ही गोरूटीन संपण्याची वाट पाहायची आणि मगच दोन्ही कनेक्शन पूर्ण बंद करायची. कॉपीनं एरर दिली तर मात्र वाट पाहू नका. लगेच दोन्ही बंद करा, नाहीतर दुसरं गोरूटीन कायमचं अडकून पडेल.