आईबापांस नाताळांत काय द्यावें ?

नाताळचा सण जवळ आला म्हणजे वर्गांतील कांहीं मुलें हळूच येऊन विचारतात, "सर, आईबाबांना काय भेट द्यावी ?" हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. मुलांनीं आपली इच्छा आईबापांपुढें दहा वेळां बोलून दाखविलेली असते. उलटपक्षीं आईबाप आपली गरज बोलून दाखवीत नाहींत, किंबहुना ती झांकण्यांत त्यांचा हातखंडा असतो. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं आठ दिवस घरांतच डोळे उघडे ठेवून वावरावें. कोणाच्या वडिलांची छत्री मोडकी असेल, कोणाच्या आईची चप्पल झिजलेली असेल. मीं स्वतः असें पाहिलें नाहीं, त्याची हकीकत सांगतों.

मी नववींत असतांना धाकट्या बहिणीनें व मीं पैसे सांठवून आईकरितां चिनी मातीची एक फुलदाणी घेतली. तिच्यावर बारीक निळीं फुलें काढलेलीं होतीं, आणि त्या फुलांवरच आम्ही भाळलों होतों. नाताळच्या सकाळीं उपासनेहून परतल्यावर ती आईच्या हातीं दिली. तिनें फार कौतुक केलें व ती कपाटावर ठेविली. त्याच वर्षीं रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेंत शास्त्रवाचन करण्याचें तिनें सोडलें होतें. "आज तूं वाच रे, तुझे उच्चार सुधारतील," असें ती म्हणे, आणि आम्हांस तें खरें वाटे. सुई ओवण्याचें काम बहिणीकडे आलें होतें. तांदूळ निवडतांना आई ताट घेऊन दारांत उजेडाला बसे. हीं सर्व लक्षणें आमच्यापुढें होतीं. त्यांचा अर्थ लावण्याचें मात्र कोणास सुचलें नाहीं. दोन वर्षांनीं एका नेत्रतपासणींत कळलें कीं, तिला जवळचें अक्षर दिसेनासें झालें होतें.

अशा चष्म्याला आपल्या भाषेंत 'चाळिशी' असें अन्वर्थक नांव आहे. डोळ्यांतील भिंग लवचिक असतें. जवळचा पदार्थ पाहतांना एक बारीक स्नायु आकुंचन पावतो, भिंग अधिक फुगीर होतें व प्रकाशकिरण आंतील पडद्यावर नीट एकत्र येतात. वयाबरोबर हें भिंग ताठर होत जातें. चाळिशीच्या सुमारास त्यास पुरेसें फुगतां येत नाहीं. मग पुस्तक दूर धरावें लागतें, आणि शेवटीं हात अपुरे पडतात. हा रोग नव्हे. केस पिकण्यासारखा वयोधर्म आहे. दूरचें पूर्ववत् दिसत असल्यामुळें मनुष्य आपल्या डोळ्यांस दोष न देतां छपाईस देतो. (माझे एक आप्त, वर्तमानपत्रवाले शाई वांचवितात अशी तक्रार कित्येक महिने करीत होते !) प्रखर उजेडांत बाहुली लहान होते व अंधुकपणा कमी होतो, म्हणून आई दारांत बसे. बहिर्गोल भिंगाचा चष्मा डोळ्याची ही उणीव भरून काढतो.

ही युक्ति इटलींत तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाली. जोर्दानो नांवाच्या धर्मोपदेशकानें १३०६ सालीं फ्लॉरेन्स येथील प्रवचनांत, ही विद्या निघून अद्याप वीस वर्षें झालीं नाहींत, असें श्रोत्यांस सांगितलें होतें. पुढें १३५२ सालीं त्रेव्हीझो येथें तोमाझो या चित्रकारानें भिंतीवर एक चष्मेवाला कार्डिनल रंगविला. तो कार्डिनल १२६३ सालींच वारला होता, म्हणजे बिचाऱ्यानें जिवंतपणीं चष्मा पाहिलाहि नसावा.

आतां कोणी म्हणेल, तयार चष्मा विकत आणून कागदांत गुंडाळून द्यावा. तसें करूं नये. दोन्ही डोळ्यांचे नंबर पुष्कळदां निराळे असतात. शिवाय तपासणींत मोतीबिंदु किंवा काचबिंदु असल्यास तोहि उघडकीस येतो. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं, आणि पुष्कळदां ती रोग्याच्या नकळत जाते. यास्तव तपासणी हाच या भेटीचा मोठा भाग समजावा. खर्च मुलांच्या आवांक्याबाहेरचा असेल तर थोरल्या भावास अथवा मामास सामील करून घ्यावें. नाताळच्या दिवशीं एका कागदावर, "अमुक वारीं सकाळीं मी आपणांस डोळे दाखविण्यास घेऊन जाणार," एवढें लिहून द्यावें, आणि त्या वारीं खरोखरच निघावें. "पुढच्या महिन्यांत पाहूं," हें उत्तर येणारच. तें ऐकून घ्यावें व चपला पुढें ठेवाव्या.

आमच्या आईचा चष्मा आला त्या रात्रीं तिनें माझ्या हातांतून शास्त्र घेतलें व अध्याय शेवटपर्यंत स्वतः वाचला. मग उठून तिनें कपाटावरची फुलदाणी खालीं घेतली, दिव्याजवळ नेली आणि विचारलें, "यावर निळीं फुलें आहेत होय ?"